पोचपावतीवरची सही

टेमघरात माझा रोलिंग शटरचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक गाळा, चार कामगार आणि माझी बडबड. शेजारच्या वळ गावातल्या एका काकांनी नव्या गोदामाला माझ्याकडून सहा शटर लावून घेतली आणि चेक दिला. तो परत आला. कारण, सही जुळत नाही. दुसरा दिला, तोही तसाच परत. त्या पैशांवर माझ्या चौघांचा पगार अडला होता आणि आता ते चौघे माझ्याशी बोलेनासे झाले होते.

काकांची नियत साफ होती, हात तेवढा ऐकत नव्हता. चेक समोर आला की ते एकेक अक्षर कोरत बसायचे. बँकेतले साहेब म्हणाले, सही बदलायचा अर्ज द्या, आणि त्या अर्जावर जुनी सही करा. माझं डोकंच फिरलं.

वकील म्हणाले, चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. मग पंधरा दिवस वाट बघायची, पैसे आले नाहीत तर खटला. मन घट्ट करून मी नोटीस पाठवली. चार दिवसांनी काका ती घेऊन माझ्याच गाळ्यात हजर.

"वाचून दाखव रे, इंग्रजीन हाय."

तुम्ही मला जाणूनबुजून फसवलंत, हे मीच त्यांना मराठीत समजावून सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फसवला न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "पन पैसे न्हाय भेटले, ते खरा हाय."

दोन दिवसांनी नोटिशीची पोचपावती आली. तिच्यावर काकांनी केलेली सही बघून मी बँकेत पळालो. साहेबांनी ताडून पाहिली. हुबेहूब! पोस्टमन घाईत होता, काकांना विचार करायला वेळच मिळाला नव्हता.

मग मी काकांकडून बिनसहीचा चेक मागून आणला आणि तो घेऊन त्या पोस्टमनच्या हातापाया पडलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांच्या दारात गाडी बंद न करताच चेक पुढे केला आणि ओरडले, "सही करा, लवकर!" काकांनी भिंतीला टेकवून सही ठोकली. चेक वटला, चौघांचा पगार झाला, आणि मला बऱ्याच दिवसांनी गाळ्यात हसणं ऐकू आलं.

काका पेढे घेऊन आले. "माझ्यापायी वकिलाला किती दिलेस? ते पन मी देनार," म्हणत त्यांनी खिशातून चेकबुक काढलं.

"वकिलांनी काही घेतलंच नाही, काका," मी म्हणालो. इतकं पटकन खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो.