वायू आत कसा पडतो

आमच्या दुर्बीणवाल्या सरांना नुसती मान डोलावणारा माणूस चालत नसे. समजलं म्हटलं की विचारत, "काय समजलं ते सांगा." अमरावतीच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ते जत्रेजत्रेत दुर्बीण मांडून बसत. पैसे घेत नसत, भांडण मागत. मी चौथी शिकलेला, पण भांडणात कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. म्हणून आमचं जमलं.

अंजनगावच्या जत्रेत मी 'मौत का कुआ'मध्ये मोटरसायकल चालवायचो. एकदा सर म्हणाले, आकाशगंगेच्या मधोमध भलंमोठं कृष्णविवर असतं, भोवतालचा वायू त्यात पडतो.

मी म्हटलं, "काहून पडते? तो गोल फिरते ना? मी भिंतीवर आडवा फिरतो, वेग आहे तोवर पडत नाही. त्याचा वेग कोण काढून घेते?"

सर खूश झाले. दुसऱ्या दिवशी तिकीट काढून माझे सगळे खेळ पाहिले. उत्तर त्यांना येत होतं, पण मला पटेल असं सांगता येईना. कितीदा तरी सांगून पाहिलं, मी उडवून लावलं. "तुमाले पटल्याशिवाय सोडत नाही भाऊ," म्हणायचे.

पुढे पोटाचं दुखणं निघालं, ते मुलीकडे अकोल्याला गेले. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर तिचा फोन आला, बाबा तुमाले बोलावून राहिले. गेलो. सर उशीला टेकून बसले होते, आवाज बसलेला.

"भाऊ, वायूले शेजारी असतात. आतला जोरात फिरते, बाहेरचा हळू. दोघं एकमेकाले घासतात, ओढतात. आतल्याचा जोर बाहेरच्याले जाते. ज्याचा जोर गेला तो जरासा आत सरकते. पुन्हा नवा शेजारी, पुन्हा घासाघीस. असा घिरट्या घेत, तापत, उजळत जाते. सरळ कोणीच पडत नाही." दम खाऊन म्हणाले, "पटलं?"

मला पटलं होतं. वेग कमी करत खाली येणं, याशिवाय आयुष्यभर मी दुसरं काय केलं? पण पटलं म्हटलं असतं तर त्यांचं काम संपलं असतं.

"नाही पटलं, सर. ज्याच्याकडे जोर गेला, तो कुठं जाते?"

मुलगी माझ्याकडे रागानं पाहू लागली. सरांनी तिला उशी उंच करायला सांगितली.

"सोमवारी या," म्हणाले. "सांगतो."

त्यानंतर सोमवारी सोमवारी मी अकोल्याला जाऊन भांडत राहिलो. शेवटी त्यांची वाचा गेली. तरी खुर्ची ओढून मी "नाही पटलं, सर" म्हटलं, की त्यांचं बोट चादरीवर हळूहळू गोल फिरायला लागायचं.