ठोके मोजणारे काका

मुलीच्या मुतखड्यासाठी आम्ही दिल्लीतल्या त्या हॉस्पिटलात तीनदा गेलो. पोट न कापता बाहेरून धक्के देऊन खडा फोडणारं मशीन तिथला एक टेक्निशियन चालवायचा. बुटका, सावकाश, प्रत्येक वाक्याला "बिल्कुल जी". मशीनच्या टकटकीला मुलगी दचकू नये म्हणून आधी तो बोटाने टेबलावर तसाच ठोका धरायचा, चांगली दहा मिनिटं. पहिल्याच दिवशी वैतागून मी त्याच्यादेखत बायकोला मराठीत म्हणालो, "या बावळटाच्या हातात मशीन कुणी दिलं?" दिल्लीत आम्ही बिनधास्त असं बोलतो. त्याचा ठोका चुकला नाही.

शेवटच्या खेपेनंतर मेट्रोत मुलगी पुटपुटत होती, "अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर." तिला विसाच्या पुढे मराठी आकडे येत नव्हते.

"कुणी शिकवलं?"

"मशीनवाल्या काकांनी. तुम्ही बाहेर गेलात की आम्ही ठोके मोजायचो. ते पहाडगंजला मराठी शाळेत होते."

"मग आमच्याशी हिंदीत का बोलतात?"

"मी पण विचारलं. म्हणाले, तुझे बाबा ओशाळतील." ती माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, ओशाळणं म्हणजे काय?"