खाडाखोड आढळली

वहीच्या पानाला भोक पडलं होतं. खोडून खोडून. भोकातून पुढच्या पानावरचा भागाकार दिसत होता. आत्याने भाचीच्या हातातला खोडरबर काढून घेतला आणि खिडकीबाहेर भिरकावला.

“आत्या! नवीन होता तो.”

“असू दे. एखाद्या कावळ्याला अभ्यास करायचा असेल.”

भाची हसली नाही. अकरा वर्षांची पोर. निवडक मुलांच्या विशेष तुकडीत नाव लागल्यापासून तिचं हसणं आटलं होतं. नखं कुरतडून बोटं लाल झालेली. पोट रोज सकाळी दुखायचं, सुटीच्या दिवशी मात्र नाही. एक अक्षर चुकलं की अख्खं पान फाडायची आणि पहिल्यापासून लिहायला बसायची.

आई-बाबा दोघेही नोकरीला, म्हणून शाळा सुटल्यावर ती आत्याकडे यायची. आत्या मुद्रितशोधक होती. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे काम तिने एकतीस वर्षं केलं. लग्न का नाही केलं, असं कुणी विचारलं तर म्हणायची, “एकाच्याही पत्रात ऱ्हस्व-दीर्घ धड नव्हते.”

धाकटा भाऊ संध्याकाळी मुलीला न्यायला आला. आत्याने त्याच्यासमोर भोक पडलेलं पान धरलं.

“ताई, हुशार आहे ना, म्हणून मनाला लावून घेते.”

“हुशार आहे, दगड नाही. बोटं बघितलीस तिची?”

“सुटेल ती सवय.”

“तुझी अक्कल सुटेल त्याच्या आधी!”

दुसऱ्या दिवसापासून आत्याने आपल्या कामाचा नियम भाचीला लावला. शाईनेच लिहायचं. चुकलं तर एकच रेघ, आणि रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. छापखान्यात खोडलेलं दिसलं नाही तर काय काढायचं ते अक्षरं जुळवणाऱ्याला कसं कळणार? तिने माळ्यावरून जुनी तपासलेली पानं काढली. पानभर लाल खुणा.

“एवढ्या चुका? कुणी लिहिलं होतं?”

“फार मोठ्या माणसाने. मान ताठ करून चालायचा.”

“मग तू त्याला रागावलीस?”

“छे. चुका होत्या म्हणून तर माझी चूल पेटत होती.”

चहाच्या वेळी दिवसातली सगळ्यात झकास चूक सांगायची, असं ठरलं. एकदा भाचीने सांगितलं, “मी ‘नदीचे पाणि आटले’ असं लिहिलं.”

“पाणि म्हणजे हात. नदीचे हात आटले! बिचारी आता पाठ कशी खाजवणार?”

त्या दिवशी भाची इतकी हसली की चहा नाकात गेला. तीन आठवड्यांत नखांच्या कडा दिसू लागल्या. सकाळची पोटदुखी गेली.

मग वहीत चिठ्ठी आली. वर्गाच्या बाईंची. ‘आपल्या पाल्याच्या वहित खाडाखोड आढळली. विशेष तुकडीत हे खपवुन घेतले जाणार नाही. ही शेवटची सुचना.’

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लाल पेन्सिल उचलली. ‘वहित’ला गोल. ‘खपवुन’ला गोल. ‘सुचना’ला गोल. समासात शुद्ध शब्द लिहिले. खाली शेरा मारला: ‘दहापैकी चार. पुन्हा लिहून आणावे.’ चिठ्ठी वहीत ठेवली, वही दप्तरात. झोप छान लागली.

दुसऱ्या दिवशी भाची आली. चहा घेतला नाही. वही काढली आणि उभी फाडली.

“काय झालं?”

“बाईंनी चिठ्ठी सगळ्या वर्गाला वाचून दाखवली. मला तीन तास उभं केलं. मुलं ‘दहापैकी चार’ म्हणून चिडवत होती.”

“त्या बाईला मी—”

“तुला बाईंचा राग आला होता ना? मग तू जायचंस. मला का पाठवलंस?”

एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. ही तिची स्वतःची होती, आणि त्या चुकीपायी पोर उभी राहिली होती. तिला बाईंचा राग आला, भावाचा आला, आणि या दोघांपेक्षा जास्त स्वतःचा.

सकाळी ती शाळेत गेली. भावालाही ओढत नेलं. बाई वर्गाच्या दारातच भेटल्या.

“चिठ्ठीवर लाल खुणा मी केल्या. मला आत येऊन मुलांसमोर तसं सांगू द्या.”

“तास चालू आहे.”

“काल तिला उभं केलंत तेव्हा तास चालू नव्हता का?”

“हे बघा, या तुकडीत राहायचं तर वही स्वच्छच लागते. ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी साधे वर्ग आहेत.”

“ताई, चल,” भाऊ कुजबुजला. “वर्षाचं नुकसान होईल तिचं.”

“नुकसान तिच्या बोटांवर दिसतंय रे! वाचता येत नाही का तुला?”

आवाज चढला होता. सगळा वर्ग ऐकत होता. आत्या दारातून सरळ आत बघून म्हणाली, “मुलांनो, ते दहापैकी चार मी दिले होते. तिने नाही. चूक माझी.”

कुणीच हसलं नाही. दुसऱ्या बाकावरून भाची उठली. तिने दप्तर भरलं, सावकाश, एकेक वस्तू. बाईंनी “बस खाली” म्हटलं. ती बसली नाही. आत्याकडेही तिने बघितलं नाही. दोघींच्या मधून बाहेर पडली आणि शेवटच्या खोलीपर्यंत चालत गेली. तिथे तिचा जुना वर्ग होता. आतून कुणीतरी ओरडलं, “अगं, ये, ये, सरक गं तू!”

भाऊ कपाळाला हात लावून उभा होता. “आता तुकडी बदलायचा अर्ज करावा लागेल,” तो म्हणाला.

“मग कर,” आत्या म्हणाली. “आणि तो मला तपासायला देऊ नकोस.”