साहेबांची धूळ

वही कुणाच्या हाती लागलीच, तर अक्षराला आणि चुकांना हसू नका. मी चौथीच शिकले.

साहेबांनी सगळी इस्टेट घालून दगड झालेल्या हाडांचं हे संग्रहालय बांधलं. मी इथली धूळ पुसते. सापडलेला तुकडा हाड की नुसता दगड, हे साहेब जिभेला लावून बघायचे. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड नाही. शेवटच्या आजारात स्वतःचं मनगट चाटून हसले, “अजून चिकटत नाही गं!”

“साहेब, असलं बोलू नका.”

“माझा सांगाडाही इथंच ठेवणार आहेत. धूळ तूच पूस, शेवंता.”

माणसाची वस्तू कधी होते?

आज त्यांच्या सांगाड्याची काचपेटी पहिल्यांदा उघडली. कवटीवरून फडकं फिरवताना तोंडातून निघालं, “लागलं का साहेब?”

आणि मी उत्तरासाठी थांबले.