न उघडलेली चाकं

गाडीच्या पुढच्या चाकातून चिरचिर आवाज यायला लागला, तेव्हा मी पहिलं काम काय केलं, तर बंपरला बांधलेली लिंबू-मिरची सोडून टाकली. तिची तार चाकाला घासत असणार, असं माझं निदान. ती बांधली होती सासूबाईंनी. त्या आमच्याकडंच माधवनगरला असतात. त्यांनी खिडकीतून हे बघितलं आणि जेवताना माझ्या ताटात लिंबाची फोड वाढली नाही. दुसऱ्या दिवशी चाक लिंबू-मिरचीशिवायही तितकंच ओरडत होतं.

गाडी वापरलेली, पण साताऱ्याच्या मोठ्या शोरूममधून घेतलेली. पुढच्या काचेवर हिरवा गोल स्टिकर, ‘तपासलेली गाडी’. घेण्याआधी बायको म्हणाली होती, “आपल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला एकदा दाखवूया का?” मी हसलो. “अगं, तिथं इंजिनिअर आहेत, मशिनं आहेत. हा काय बघणार?” या हसण्याचं मला आता फार वाईट वाटतं, पण त्या वेळी मी बराच वेळ हसलो.

तर आवाज थांबेना म्हणून शोरूमला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, ब्रेक नवीन असले की सेट होईपर्यंत वाजतात.” मीही घरात तितक्याच गोड आवाजात सांगितलं, “ब्रेक सेट होतायत.”

आणि अशा त्या सेट होणाऱ्या ब्रेकांवर मी सासूबाईंना कोयनानगरला घेऊन निघालो. सासरे धरणाच्या कामावर होते. सासूबाईंचा संसार तिथल्या कॉलनीत सुरू झाला, बायकोचा जन्मही तिथलाच. गुडघे पार जायच्या आत ती खोली एकदा बघायची, एवढं एकच मागणं त्यांनी आजवर माझ्याकडं केलेलं. पिशवीत तिथल्या जुन्या शेजारणीसाठी लाडू होते.

पाटण मागं टाकलं, रस्ता वळणं घ्यायला लागला. एका उतारावर समोर उसाची ट्रॉली आली. मी ब्रेक दाबला. पाय सरळ खाली गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच, जणू चिखलात पाय द्यावा. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, आणि रस्त्याकडेला कुणा देवमाणसानं टाकून ठेवलेल्या खडीच्या ढिगात गाडी घुसवली. बायकोनं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. मागं सासूबाई लाडवांची पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, “आलं व्हय?”

कुणीतरी फोन करून पाटणचा मिस्त्री बोलावला. त्यानं चाकाच्या नटाला पाना लावला, तर नट हलेना. पाइप घालून त्यावर उभाच राहिला, तेव्हा कुठं कर्रकन फिरला. आत ब्रेकचे पॅड झिजून नुसता पत्रा राहिलेला, ऑइल गळून चाकभर पसरलेलं.

“कुणी तपासलीया म्हणलासा?” मिस्त्रीनं विचारलं.

“शोरूमनं.”

“कशानं, दुर्बिणीनं? आवं, हे नट गंजून धरल्यात. चाक कवाच काढलेलं न्हाई कुणी.”

ब्रेक झिजतात, हे मलाही कळतं. पण तपासली म्हणून सांगायचं, स्टिकर चिकटवायचा, गाडी देताना चारी चाकांखाली लिंबं ठेवून, नारळ फोडून फोटो काढायचे, आणि त्यातलं एक चाक काढून बघायचं नाही! कोयना राहिली. मिस्त्रीनं जोडून दिलेल्या तात्पुरत्या ब्रेकांवर बैलगाडीच्या चालीनं आम्ही घरी आलो. लाडू आम्हीच खाल्ले. ते गोड लागले नाहीत.

पुढच्या शनिवारी झिजलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून मी त्याच गाडीनं, त्याच चालीनं सातारा गाठलं. बायकोही आली. मॅनेजरनं कॉफी मागवली. “सर, तुम्ही आमची फॅमिली आहात.” मी पुडी उघडून ते काळे पॅड त्याच्या टेबलावर आदळले. तो दचकून म्हणाला, “सर, काच!”

“काच?” माझा आवाज चढला. “माझी सासू दरीत गेली असती, आणि तुम्हाला काचेची पडलीय?”

“सर, आम्ही तपासलं तेव्हा ब्रेक ओके होते. नंतरचं वेअर अँड टेअर.”

“चाक काढलं होतं का?”

“प्रोसिजरप्रमाणे सगळं होतं, सर.”

मी तेच विचारत राहिलो, तो तेच सांगत राहिला. रागानं माझी गाडी रुळावरून घसरली आणि मी त्यांच्या कॉफीलाही नावं ठेवली. एवढ्यात बघतो तर बायको शेजारी नाही. ती हॉलमध्ये गेली होती. तिथं एक फौजी, त्याची बायको आणि म्हातारी आई वापरलेल्याच एका गाडीला हार घालत होते. बायको त्या बाईला शांतपणे विचारत होती, “आत ब्रेक कसे आहेत ते बघितलंत का? आमचे घाटात गेले.”

त्या बाईनं हार हातातच ठेवला. “आवं, थांबा जरा,” ती नवऱ्याला म्हणाली. फौजी वळला. “मॅनेजरसाब, पहिल्यांदा चाकं खोला. नारळ मग.”

त्यानंतर सगळं फार वेगानं झालं. फौज्याची गाडी रॅम्पवर चढली, शेजारी आमची. आमच्या मागच्या चाकांचे ब्रेकही गेलेले निघाले. नवे बसवले, तेही आमच्यासमोर. मॅनेजर “गैरसमज झाला” म्हणत राहिला. चूक झाली, असं त्याच्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही. मला अजून त्याचीच चीड आहे.

परतताना कराड जवळ आलं. मीच विषय काढला. “आता काळजी नाही. सगळे ब्रेक डोळ्यांदेखत बसलेत. उद्याच नेऊ आईंना कोयनेला.”

“जाऊ की,” ती म्हणाली. “पण एसटीनं. आईनं स्टँडवर फोन करून वेळसुद्धा विचारून ठेवलीय. तुम्हाला यायचं असेल तर या म्हणाली.”