संगमाची वाकळ

माझ्या नवऱ्याचा लग्नातला गुलाबी फेटा मी कात्रीनं उभा कापला, तेव्हा तो ब्रह्मदेशात लढाईवर होता आणि सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला आष्ट्याला गेल्या होत्या. आमच्याकडं फेटा वाकळीत जातो तो माणूस गेल्यावरच. मला हे माहीत नव्हतं असं नाही.

वाकळ शिवायची म्हणजे जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडेनं टाका सुरू करायचा आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर यायचं. घरोघरी तेच चौकोन. मला त्यांचा वीट आला होता. पलटणीत परत जाताना नवऱ्यानं मला कऱ्हाडला संगमावर नेलं होतं. कृष्णा आणि कोयना तिथं अगदी समोरासमोर येऊन भेटतात. ते मला वाकळीवर हवं होतं. एक नदी माझ्या निळ्या लुगड्याची झाली. दुसरीसाठी घरात रंगच नव्हता. लढाईमुळं दुकानात नवं कापड दिसत नव्हतं आणि जुनं सगळं विटून मातकट झालेलं. पेटीत फेटा तेवढा होता. शेजारीण म्हणाली, नदी गुलाबी कुठं असते? मी म्हटलं, सांजेला जाऊन बघ.

टाके मी मध्यापासून घातले, तेही वळणावळणाचे. झोळ पडला तर सगळं कापड फुकट जाणार होतं. दर टाक्याला मी कापड ताणून बघायची, पण नदी वळायला लागली की मी सगळं विसरायची. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी फार सुखात होते.

सासूबाई परतल्या तेव्हा वाकळ सोप्यात पसरलेली होती, एक कोपरा शिवायचा राहिला होता. त्यांनी गुलाबी कापडावरून हात फिरवला आणि तिथंच खाली बसल्या.

"जित्या माणसाचा फेटा फाडलास," त्या म्हणाल्या. "आता त्यो आला न्हाई तर मी कुणाला जाब इचारू?"

संगमाचं सांगायला मी तोंड उघडलं, पण त्या ऐकायला थांबल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातली सुई काढून घेतली. तो आल्याशिवाय कोपरा शिवायचा नाही. नाहीच आला, तर वाकळ नदीत सोडायची आणि मी माहेरची वाट धरायची, एवढं बजावून त्यांनी वाकळ कपड्यांच्या वलणीवर टाकली.

लढाई संपल्याची बातमी आली. गावातले दोघंतिघं परतले. आमचा नाही. सासूबाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि लगेच वाटायचं, त्यांचंच खरं ठरलं तर? फेट्यानं माणूस मरत नसतो, असं मी स्वतःला सारखी समजवायची. तरी दारात कुत्रं भुंकलं की मी हातातलं काम टाकून बाहेर धावायची. वलणीकडं बघायचं मी सोडूनच दिलं.

मग एका दुपारी तो दारात उभा राहिला. वाळून काटकी झालेला, पण धडधाकट. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी चुलीपुढं बसून पोटभर रडले. आंघोळ करून तो देवाला निघाला आणि आईला म्हणाला, "माजा फेटा कुठं हाय?"

माझं रडू जागच्या जागी थांबलं. आता त्यांनी नुसतं माझ्याकडं बोट दाखवायचं बाकी होतं.

सासूबाईंनी वलणीवरची वाकळ ओढली आणि त्याच्यापुढं पसरली.

"म्या फाडला," त्या म्हणाल्या. "बघ की, संगम केलाय."

संगमाचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. तो वाकळीवर वाकून बघत राहिला. सासूबाई देव्हाऱ्यापाशी गेल्या, तिथं ठेवलेली सुई घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिली.