बीदरच्या किल्ल्यातली पाहुणी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलींजवळही नाही. जिला सांगायचं होतं, ती आता राहिली नाही.

वैनी — माझी थोरली भावजय. आई गेली तेव्हा मी लहान होते. भालकीत वैनीनंच मला वाढवलं. तिच्याच हट्टामुळं हैदराबादला कॉलेजात गेले. एका सुट्टीत आम्ही दोघी बीदरचा किल्ला बघायला गेलो.

तिथं सावलीत एक गोरी बाई एकटीच पाव खात बसली होती. कुणाकडं बघणं नाही, बोलणं नाही. मला वाटलं, किती सभ्य! आणि आपली माणसं? कमानीखाली ओरडून आवाज घुमवतात, शिदोरी सोडली की अनोळख्यांनाही बोलावतात. वैनीनं तेच केलं.

"एकलीच कामून खायलीस, माय? घे की धपाटं."

मला लाज वाटली. कशाची? धपाट्याची? त्या हाकेची? बाईनं हसून धपाटं घेतलं आणि मला इंग्रजीत विचारलं, या तुझ्या आई का?

मी म्हणाले — नाही. आमच्याकडं कामाला आहे.

"काय म्हनायलीय ती?" वैनीनं विचारलं.

"धपाटं आवडलं म्हनायलीय."

वैनी फुलली. खाणं झाल्यावर बाई उठली आणि तोवर स्वतः सांभाळलेली जड पिशवी तिनं वैनीच्या हातात दिली. या देशात असंच चालतं, असं वाटलं असेल तिला. मीच तर तसं सांगितलं होतं.

वैनीला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. "पावनीचं वझं आपुनच उचलावं," म्हणत तिनं पिशवी डोक्यावर घेतली. उन्हातून बुरुजावरच्या तोफेपर्यंत. पुढं आम्ही दोघी इंग्रजीत बोलत, मागं ती. एकदा मी वळून पाहिलं — घामानं डबडबलेली, हसत होती. पिशवी मी घेतली असती, तर बाईला खरं कळलं असतं. नाही घेतली.

परतताना बसमध्ये वैनी म्हणाली, "तुजी विंग्रजी ऐकून कान निवाले बघ."

पुढं कितीतरी वर्षं ती हे बायकांना कौतुकानं सांगायची. "इचारा की हिला," म्हणायची. मी मान डोलवायचे — व्हय, व्हय.

आता तिची हाक ऐकायला जीव तुटतो. कुणीतरी म्हणावं, उपाशी कामून बसलीस, माय?

मी तिला मोलकरीण म्हणाले होते.